आमच्या गावच्या वाचनालयात सातवी-आठवीच्या मुलांसाठी ‘ग्रू’ हे इंग्रजी कॉमिक ठेवावं का? मुलांचं इंग्रजी कच्चं आहे.

नक्की ठेवा, आणि रफर्टो हा कुत्रा असलेल्या अंकांपासून सुरुवात करा. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात मी हे अंक मुलांना वऱ्हाडीत सांगत दाखवते. इंग्रजी अडतं, गोष्ट अडत नाही. चित्रकार सर्जिओ अरागोनेस १९६३ पासून ‘मॅड’ या अमेरिकन विनोदी मासिकात बिनशब्दांची चित्रं काढत आलेला, त्यामुळे अर्धी गंमत चित्रातच कळते. १९८२ मध्ये आलेला हा ग्रू तलवारीत पटाईत, पण डोक्यानं पक्का बह्याड. चढेल ते जहाज बुडतं. रफर्टोला मात्र आपला धनी थोर वीर वाटतो, आणि त्याच्या मनातलं फुग्यांत छापलेलं असतं. तिथंच मुलं सगळ्यात जास्त रमतात. बापासोबत जागलीला जाणारं कुत्रं त्यांनी घरी पाहिलेलंच असतं ना!

फक्त लढाया आणि मेलेल्या सैनिकांचे ढीग पानोपानी आहेत, म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती देऊ नका. अंकाच्या सुरुवातीला असते ती इंग्रजी कविता तेवढी तुम्ही समजावून सांगा.