डॉक्टर न होता कॅन्सरच्या संशोधनात जाता येईल का?

कळव्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला, विषय संख्याशास्त्र. तिच्या आत्याला अंडाशयाचा कॅन्सर. उपचार चालू असताना पाय सुजला आणि शिरेत रक्ताची गुठळी निघाली. 'असं बायकांना जास्त होतं की पुरुषांना?' हा प्रश्न मुलीच्या डोक्यातून जात नाही, आता तिला यातच काम करायचंय. 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तिने दिलेलीच नाही. 'डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) घालू का?' असं आई विचारते.

ताई, नका घालू. डीएमएलटी वाईट नाही, पण लेकीचा प्रश्न लॅबमधला नाही, हिशेबाचा आहे.

कॅन्सर आणि गुठळ्यांचा संबंध त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांनी 1865 मध्येच मांडला होता. स्त्री-पुरुष तुलना मात्र अवघड. सगळ्या बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे असं मोजलं तर उत्तर फसवं येतं. धोका आधी ठरतो कॅन्सर कुठे आहे त्यावर: स्वादुपिंड आणि जठराच्या कॅन्सरमध्ये फार, स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या त्यामानाने कमी. अंडाशयाचा तर फक्त बायकांनाच. म्हणजे दोन्हीकडचे आजारच मुळात वेगळे. त्यात स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन स्वतःच गुठळीचा धोका वाढवतं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, पुरुषांच्या बाजूला हा हिशेबच नाही. आणि गुठळी होण्याआधीच रुग्ण दगावला तर त्याला कुठे धरायचं? या शेवटच्या प्रश्नावर संख्याशास्त्रज्ञ आजही तावातावाने भांडतात.

केमोआधी गुठळीचा धोका किती ते बघायला डॉक्टर खोराना स्कोअर काढतात. त्यात कॅन्सरची जागा, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि बीएमआय आहे. स्त्री की पुरुष, हा रकानाच नाही. तुमच्या लेकीने नेमकं तेच विचारलंय!

तेव्हा संख्याशास्त्र सोडू देऊ नका. पुढे मुंबई विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी., किंवा देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र) आणि डेमोग्राफी. कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी, घरी राहून जमेल. आत्तापासून 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकू दे, फुकट आहे. कंपन्यांत 'सॅस'ही चालतं. हॉस्पिटलांचे संशोधन विभाग, औषध कंपन्या, औषधांच्या ट्रायलचा डेटा सांभाळणाऱ्या कंपन्या अशा ठिकाणी काम मिळतं. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथल्या जागांच्या जाहिराती बघत राहा. पहिली नोकरी बहुधा कंटाळवाणी असेल: फॉर्ममधल्या चुकलेल्या तारखा शोधा, विचारणा पाठवा. वर्षभर ते काम केलेल्या माणसाला डेटा कुठे खोटं बोलतो ते कळायला लागतं.

नणंदेच्या गोळ्यांचं मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि सहा महिन्यांत 'क्लिनिकल रिसर्च'चा डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट, असं सांगणारं कुणी भेटलं तर आधी मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांचे फोन नंबर मागा. दिले नाहीत तर फी भरू नका.