वाचकांचे प्रश्न : रणनीतीच्या खेळांसाठी कमी खर्चातला संगणक

प्रश्न : मी बार्शीला राहतो आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. संगणकावर मला मुख्यतः रणनीतीचे खेळ खेळायचे आहेत : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती, ‘सिव्हिलायझेशन ६’ आणि ज्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते तो ‘एम्पायर : टोटल वॉर’. मॉनिटर धरून माझ्याजवळ २५,००० रुपये आहेत आणि त्यात भर पडण्याची शक्यता नाही. एका दुकानदाराने आय-७ प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट असा ‘गेमिंग पीसी’ याच रकमेत देऊ केला आहे. तो घ्यावा का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तो घेऊ नये. आपण पाठवलेल्या तपशिलात प्रोसेसरचे नाव ‘आय-७’ एवढेच आहे आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट, म्हणजे त्याची पिढी, सांगितलेलीच नाही. इंटेलच्या प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक पाहिला की पिढी कळते : आय-७ ३७७० हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा आहे, तर आय-५ ८५०० हा आठव्या पिढीचा, २०१८ सालचा आहे. इतक्या कमी किमतीत जे ‘आय-७ गेमिंग पीसी’ विकले जातात, त्यांत बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर एच६१ जातीच्या जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पटावर, बसवलेला असतो, आणि नवे असते ते कॅबिनेट व त्यातले दिवे. अशा संगणकातले ४ जीबीचे कार्ड अनेकदा जीटी ७३० असते, जे २०१४ साली बाजारात आले. कार्डावरील मेमरीचा आकडा मोठा असला म्हणून कार्ड वेगवान ठरत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

रणनीतीचे खेळ इतर खेळांहून वेगळ्या ठिकाणी अडतात, हे एकदा लक्षात आले की पैसे कुठे घालायचे याचा निर्णय सोपा होतो. धावपळीच्या आणि गोळीबाराच्या खेळांत सर्वाधिक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. रणनीतीच्या खेळांत मात्र शेकडो सैनिकांनी वाट कशी काढायची, संगणकाच्या ताब्यातील प्रत्येक राज्याने कोणती चाल करायची, कोणाचा व्यापार कोणाशी चालला आहे, हा सगळा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो, आणि त्यातला बराचसा हिशेब एकामागून एक होत असल्याने तो एकाच गाभ्यावर, म्हणजे एकाच कोअरवर, येऊन पडतो. म्हणून प्रोसेसरमध्ये किती कोअर आहेत यापेक्षा त्यातला एकेक कोअर किती वेगवान आहे हे इथे अधिक मोलाचे असते. भरपूर कोअर असलेले, मुळात सर्व्हरसाठी बनवलेले इंटेलचे जुने झिऑन प्रोसेसर सध्या स्वस्तात मिळतात, परंतु त्यांचा एकेरी वेग कमी असल्यामुळे तेही आपल्या कामाचे नाहीत.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ इंटरनेटवर मित्रांबरोबर खेळणार असाल, तर या मुद्द्याला आणखी वजन येते. या खेळात प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर तीच लढाई स्वतंत्रपणे मोजली जाते आणि सर्व संगणकांना एकमेकांच्या बरोबरीने पुढे सरकावे लागते, त्यामुळे एकाचा प्रोसेसर मागे पडला की सगळ्यांचाच खेळ रेंगाळतो. चौघांविरुद्ध चौघे असा सामना तासाभराने रंगात आलेला असताना ज्याच्या संगणकामुळे सर्वांना ताटकळावे लागते, त्याला पुढच्या वेळी बोलावताना मित्र विचार करतात. सुरुवातीची वीस मिनिटे सुरळीत गेली म्हणजे संगणक पुरेसा आहे असे समजू नये. खरी परीक्षा दोन्हीकडची सैन्ये पूर्ण उभी राहिल्यावर होते.

आपल्या रकमेत माझा स्पष्ट सल्ला असा, की कंपन्यांच्या कार्यालयांतून मुदत संपल्यावर बाहेर पडणारा, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप घ्यावा. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क आणि लेनोव्होचा थिंकसेंटर ही यांतली नेहमी दिसणारी नावे आहेत. दिसायला हे काळे, साधे डबे असतात, पण ते वर्षानुवर्षे रोज आठ-दहा तास चालण्यासाठी बांधलेले असतात. आय-५ ८५०० मध्ये सहा कोअर आहेत आणि गरजेनुसार त्यांचा वेग ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. तो न मिळाल्यास चार कोअरचा आय-३ ८१०० हाही या खेळांना चालेल. क्रमांकाच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असेल तर ती वीज वाचवणारी, कमी वेगाची आवृत्ती असते. हातभर जागाही न घेणाऱ्या अगदी छोट्या डब्यांत बहुधा तीच असते, म्हणून ती टाळावी. शेवटी ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोयच नसते, आणि आपल्याला तर सुरुवातीला त्या अंगभूत ग्राफिक्सवरच भागवायचे आहे.

आठव्या पिढीचा आग्रह धरण्यामागे दुसरेही कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. दुकानदाराने देऊ केलेला संगणक, तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचाच असेल, या एका कारणासाठीही मागे पडतो. कार्यालयीन संगणकांबरोबर बहुतेक वेळा विंडोजचा मूळ परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, ही त्यांची आणखी एक जमेची बाजू म्हणावी लागेल.

खरेदीसाठी पुण्याला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एक दिवस जाता आले तर पाहावे, कारण तिथे एकाच वस्तूचे पाच-सहा भाव ऐकायला मिळतात आणि संगणक समोर सुरू करून पाहता येतो. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीचा एसएसडी (माहिती साठवणारा वेगवान ड्राइव्ह) असा डबा साधारण बारा ते सोळा हजारांच्या दरम्यान मागितला जातो. भाव सतत हलते असल्याने निघण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी फोन करावा. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीस बरेच चढले, त्यामुळे ज्या डब्यात १६ जीबी आधीच बसवलेली आहे तो हजार-दोन हजारांनी महाग असला तरी बहुधा तोच परवडेल. तीन-साडेतीन हजारांत वापरलेला २२ इंची फुल एचडी मॉनिटर मिळू शकतो. कळफलक आणि माउस मात्र नवे घ्यावेत. या खेळांत माउसला विश्रांती नसते, आणि घासून गुळगुळीत झालेल्या बटणांचा त्रास रोज होतो.

मेमरीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण इथे चूक झाली तर चांगला प्रोसेसरही मंदावतो. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाचीच मेमरी वापरते. ती १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत बसवली, तर दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहिती ये-जा करते आणि खेळाची चित्रे लक्षणीयरीत्या सुरळीत चालतात. एकूण मेमरी तेवढीच असताना केवळ मांडणीमुळे मिळणारा हा लाभ आहे, तो सोडू नये.

दुकानात संगणक सुरू झाल्यावर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मेमरी आणि तिच्या पट्ट्यांच्या किती खाचा भरल्या आहेत हे स्वतः पाहावे, केवळ डब्यावरच्या स्टिकरवर विसंबू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन पेनड्राइव्हवर घेऊन गेल्यास एसएसडीची प्रकृती दोन मिनिटांत कळते. मागची जोडणीची तोंडेही पाहावीत : अशा अनेक डब्यांना एचडीएमआय नसून डिस्प्लेपोर्ट असते, आणि मॉनिटर जुना असेल तर योग्य कन्व्हर्टर त्याच दुकानातून घ्यावा. घरी आल्यावर धूळ साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलून घ्यावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमानच चाळिशीजवळ जाते, आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणहून कमी करतो.

आता आपले तीन खेळ. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची २०१९ सालची डेफिनिटिव्ह आवृत्ती अशा संगणकावर चांगली चालेल, मात्र तिच्यासोबत येणारा अधिक तपशीलवार चित्रांचा वेगळा मोफत संच उतरवू नये, त्याने जागा आणि मेमरी खाण्यापलीकडे खेळात काही बदलत नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’ कमी दर्जाच्या चित्रांवर ठेवावा. त्यात नकाशा सपाट, द्विमितीय स्वरूपात दाखवण्याची सोय आहे, तिने ग्राफिक्सचा भार पुष्कळ हलका होतो, आणि पटावरचे डाव आखायला मला तरी तोच नकाशा अधिक स्पष्ट वाटतो. नकाशा मध्यम आकाराचा आणि राज्ये सहा-आठ ठेवली, तर शेवटच्या शतकांतही प्रत्येक फेरीनंतर फार थांबावे लागणार नाही. याच मालिकेतला २०२५ सालचा सातवा भाग मात्र किमान गरजेतच वेगळे ग्राफिक्स कार्ड मागतो, तेव्हा तो सध्या बाजूला ठेवावा.

‘एम्पायर : टोटल वॉर’ २००९ सालचा आहे आणि त्याच्या ग्राफिक्सच्या गरजा आज अगदी माफक वाटतात. त्याचा मुख्य डाव १७०० साली सुरू होतो, म्हणजे नेमके त्या वर्षी, ज्या वर्षी राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि महाराणी ताराबाईंनी कारभार हाती घेतला. औरंगजेबाच्या दख्खनेतील मोहिमेच्या अखेरच्या वर्षांतून मराठी सत्ता पुढे नेण्याचा तो डाव खेळण्याची आपली इच्छा मला मनापासून समजते. हा खेळ एकाच कोअरवर मोठा भार टाकतो, म्हणून चित्रांचा दर्जा मध्यम ठेवून, तुकड्यांतील सैनिकसंख्या सर्वांत मोठी न ठेवता एक पायरी खाली ठेवावी.

पुढे कधी पैसे जमले तर वेगळे कार्ड घालता येईल, पण आज डबा निवडतानाच त्याचा विचार करावा. अरुंद डब्यात केवळ कमी उंचीची कार्डे बसतात आणि त्यातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, साधारण २०० वॅटच्या आसपासचा असतो, म्हणून वेगळी वीजजोडणी न मागणारे, ७५ वॅटमध्ये भागणारे जीटीएक्स १६५० सारखे कार्डच त्याला पेलते. त्याच किमतीत उभा, रुंद टॉवर मिळत असेल तर तो निवडावा. उरलेल्या पैशांत एक साधा यूपीएस अवश्य बसवावा. वीज जाऊन तीन तासांचा डाव बुडणे वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे अचानक बंद पडल्याने एसएसडीवरील माहिती खराब होणे.

प्रश्न : माझ्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये अकराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी आहे. ‘सिव्हिलायझेशन ६’ अडखळत चालतो म्हणून तो नवा लॅपटॉप मागतो आहे. माझी तेवढी ऐपत नाही. आहे त्यात सुधारणा होईल का?
— एक पालक, रत्नागिरी

उत्तर : होण्याची चांगली शक्यता आहे, आणि तीही थोड्या खर्चात. या पिढीच्या बहुतेक आय-५ लॅपटॉपमध्ये आयरिस एक्सई हे चांगले अंगभूत ग्राफिक्स असते, परंतु मेमरी एकाच पट्टीत असेल तर ते पूर्ण क्षमतेने चालत नाही आणि संगणकही त्याचे नाव नुसते ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे दाखवतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दोनपैकी एकच खाच वापरात आहे असे दिसले, तर त्याच वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी बसवून घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी तळाचे झाकण उघडून खाच खरोखर आहे का हे माहितगार व्यक्तीकडून पाहून घ्यावे. खेळताना चार्जर जोडलेला असावा आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नये. एवढे करूनही समाधान झाले नाही तरच नव्या लॅपटॉपचा विचार करावा. माझ्या मते ती वेळ येणार नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात ४ जीबी मेमरीचे दोन जुने संगणक आहेत. मुलांना विचार करायला लावणारे खेळ द्यावेत अशी इच्छा आहे, पण चोरून उतरवलेल्या प्रती वापरायच्या नाहीत आणि खर्चाला पैसेही नाहीत.
— ग्रंथपाल, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपला आग्रह योग्य आहे आणि तो पाळूनही भरपूर पर्याय उरतात. दोन्ही संगणकांवर लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची हलकी आवृत्ती, उदाहरणार्थ लिनक्स मिंटची एक्सएफसीई, बसवावी. षट्कोनी घरांच्या पटावर फेरीफेरीने खेळला जाणारा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’, १९९६ पासून स्वयंसेवक घडवत आलेला ‘फ्रीसिव्ह’ आणि रेल्वे व रस्त्यांचे जाळे उभारण्याचा ‘ओपनटीटीडी’ हे तिन्ही खेळ पूर्णपणे मोफत व कायदेशीर आहेत आणि एवढ्या मेमरीतही चालतात. ‘झिरो ए.डी.’ हाही मोफत आहे आणि त्यात मौर्य साम्राज्याची बाजू घेता येते, परंतु सैन्य वाढले की तो चांगल्या संगणकालाही दमवतो, म्हणून आपल्या संगणकांवर तो बसवू नये. मुलांना सुरुवात ‘वेस्नॉथ’ने करून द्यावी. त्यात एकाच संगणकावर दोघांना आळीपाळीने खेळता येते, तेव्हा दोन संगणकांवर एका वेळी चौघांची सोय होईल.