बाटलीवरील ३७ टक्के म्हणजे किती मोलर?

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ‘३७ टक्के (वजनी), घनता १.१९’ एवढेच लिहिलेले असते. यावरून मोलॅरिटी (एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे मोल; एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम) आणि मोलॅलिटी (एक किलो द्रावकामागे असलेले मोल) कशी काढावी?

उत्तर : हिशेब एक लिटर आम्लापासून सुरू करावा. घनता दर मिलिलिटरला १.१९ ग्रॅम असल्याने त्याचे वजन ११९० ग्रॅम भरते आणि त्यातील ३७ टक्के, म्हणजे सुमारे ४४० ग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड असते, त्याला ३६.४६ या रेणुवस्तुमानाने भागले की मोलॅरिटी सुमारे १२.१ येते. एका रेणूमागे एकच हायड्रोजन आयन सुटत असल्याने नॉर्मॅलिटीही (एक लिटर आम्लातून सुटू शकणाऱ्या हायड्रोजन आयनांचे मोल) तितकीच.

विद्यार्थी अडखळतात ते मोलॅलिटीपाशी, कारण तेथेही ते द्रावणानेच भागतात. भागायचे असते द्रावकाच्या (येथे पाण्याच्या) किलोग्रॅममधील वजनाने. ११९० मधून ४४० वजा जाता पाणी उरते ७५० ग्रॅम, म्हणून मोलॅलिटी १६.१ येते. अतिसौम्य जलीय द्रावणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच निघतात आणि त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

एक लिटर एक मोलर द्रावणासाठी सुमारे ८३ मिलिलिटर आम्ल फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात), भरपूर पाण्यात हळूहळू ओतावे (पाणी आम्लात कदापि ओतू नये) आणि द्रावण निवल्यावरच एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. बाटली वारंवार उघडल्याने वायू निसटतो. तेव्हा अचूक कामासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट वापरून टायट्रेशनने (वजन केलेल्या कार्बोनेटला किती आम्ल लागते ते मोजून) खरी मोलॅरिटी ठरवून घ्यावी.