स्टेशनावरचे तीन दिवे लागत नाहीत

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी बघून बाबांना लहानपणीच वेड लागलं होतं, रिटायर झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या खोलीत एचओ म्हणजे १:८७ मापाचं रेल्वे स्टेशनचं मॉडेल उभं केलं, अगदी आपल्या ग्वाल्हेर-श्योपूरच्या छोट्या रेल्वे लाइनवर असायचं तसं. आता बाबा नाहीत. प्लॅटफॉर्मवरच्या १४ दिव्यांपैकी ३ लागत नाहीत, एक फडफडतो. एका खांबात मी नवीन एलईडी लावला तर तो लख्ख पेटला आणि गेला. ट्रान्सफॉर्मरवर १६ व्होल्ट एसी लिहिलंय. खांब मोडायची भीती वाटते, काय करू?

उत्तर : ताई, तो एलईडी जळला यात नवल नाही, त्याला लागतात ३ व्होल्ट आणि तुम्ही दिले १६, तेही एसी, म्हणजे उलटा व्होल्टेजसुद्धा त्यानेच सोसायचा. करंट आवरणारा रेझिस्टर नसेल तर एलईडी टिकतच नाही.

पण खांबांना इतक्यात हात लावू नका. आधी बोर्डाच्या खालून बघा. माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा खालच्या जोडात असतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि थंडीत खूप खाली येतो, त्यात जुनं सोल्डर तडकतं. सप्लाय बंद करून खांबाची एक तार जोडातून सोडवा, नाहीतर बाकीच्या बल्बांमधूनच रीडिंग येईल, मग मल्टिमीटर ओहमवर लावा आणि खांबाच्या दोन्ही तारांवर टेकवा. बल्ब चांगला असेल तर आकडा दिसेल, मग दोष खालच्या वायरिंगचा. फडफडणाऱ्या दिव्याचे जोड मात्र सरळ पुन्हा सोल्डर करून टाका, माझी खात्री आहे, दोष तिथेच आहे.

आकडा आलाच नाही तर बल्ब गेला. मग खांब बाहेर काढायचा, पण वरच्या टोपीला धरून ओढायचा नाही! बुडाशी फेव्हिकॉल असेल तर कोमट पाण्याचे दोन थेंब सोडा, अर्धा तास थांबा, मग खालून हळूच ढकला.

आता खरं नाजूक काम. तार लागलेला वॉर्म व्हाइट एलईडी घ्या, ०६०३ साइझचा म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरचा, पांढरा फटक नको, स्टेशन दवाखान्यासारखं दिसेल. त्याची तार केसाएवढी बारीक आणि तिच्यावर वार्निश असतं, ते न काढता सोल्डर केलं तर वरून जोड झालेला दिसतो आणि दिवा काही लागत नाही, लोक इथेच तासन्‌तास घालवतात. ब्लेडने खरवडू नका, तार तुटते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा, थोडा धूर निघतो, वार्निश जळतं आणि तार चांदीसारखी चकाकते, तेव्हाच जोडा. पितळी खांबाच्या नळीची खालची कड आधी बारीक कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ती कड वार्निश कापते आणि शॉर्ट होतो. प्लास्टिकच्या टोपीजवळ गरम सोल्डरिंग आयर्न नेऊच नका.

करंटसाठी तो जुना ट्रान्सफॉर्मर दिव्यांना वापरू नका, त्यांना वेगळा १२ व्होल्ट डीसीचा १ अँपियर अॅडॅप्टर द्या. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, १ किलोओहम लावला तर ९ मिलिअँपियर जातात, मला तो उजेड या मापाला जास्त वाटतो, २.२ किलोओहम लावा, ४ मिलिअँपियरमध्ये संध्याकाळी लावलेल्या दिव्यासारखं दिसतं. रेझिस्टर बोर्डाखाली ठेवा, म्हणजे कधी बदलायचा झाला तर खांब हलवावा लागणार नाही. बाबांचे बाकीचे बल्ब १६ व्होल्टचे असतील तर ते १२ वर थोडे पिवळसर लागतील पण कितीतरी जास्त टिकतील, ते तसेच राहू द्या.

श्योपूरची ती २ फूट रुंद रुळांची लाइन २०२०मध्ये बंद झाली, आपल्या गावात आता असं स्टेशन बाबांच्या बोर्डावरच उरलंय, म्हणून घाई नको, एका दिवशी एकच खांब घ्या. आणि फडफडणाऱ्या दिव्याचं काय निघालं ते नक्की कळवा.