घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

प्रश्न : माझे मिस्टर 46 वर्षांचे, उंची 165 सेंमी, वजन 128 किलो. रात्री जोरात घोरतात, मधेच आवाज बंद होतो आणि गुदमरल्यासारखे दचकतात. सकाळी डोकं दुखतं, दिवसा दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो. ‘मला तर मस्त झोप लागते’ म्हणतात. घोरण्यावरचं मशीन एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही, असं कोणीतरी सांगितल्यामुळे तपासणी टाळताहेत. 
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, त्यांना झोप लागते, पण टिकत नाही. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 47 येतो (128 भागिले 1.65 चा वर्ग). एवढ्या वजनात जिभेच्या मुळाशी आणि घशाभोवती चरबी साठते. झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट मिटते. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. आवाज बंद होतो तो याच वेळी. छाती-पोट हलत असतं, हवा मात्र आत जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकवून जागं करतो. हे रात्रभर चालतं, म्हणून बीपी चढू शकतं आणि कधीकधी गोळ्यांनाही दाद देत नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. पुरावा पाहिल्याशिवाय घोरणारा माणूस सहसा मानत नाही!

छातीरोगतज्ज्ञांकडून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत असतानाची तपासणी, करून घ्या. श्वास तासाला किती वेळा अडतो ते त्यात कळतं : 5 ते 15 सौम्य, 30 च्या वर तीव्र. सकाळच्या डोकेदुखीमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचीही शंका येते. हा वायू साठत राहिला की रक्तातलं बायकार्बोनेट वाढतं, म्हणून ते तपासायला सांगा. 27 किंवा जास्त आलं तर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, करावी लागते.

मशीन म्हणजे सीपॅप. ते हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, आजार बरा करत नाही. वजन बरंच उतरलं आणि फेरतपासणी चांगली आली तर सुटतंही, पण आपल्या मनाने बंद करायचं नाही. मास्कमधून हवा गळून डोळे कोरडे पडत असतील तर पट्टे आवळत बसू नका, आधी मास्कचा साइज बदलून बघा. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या टाकीत) डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्याने तळाशी खार बसतो.

तोवर कुशीवर झोपू द्या. झोपेची गोळी आणि रात्रीचा पेग बंद. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. वर्धा रोडवर गाडी दुसऱ्याच्या हाती द्या. पुढे वजनाच्या ऑपरेशनचा विचार झाला, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट आधी लागेलच.