साराजेवोतल्या एका खुनावरून सगळं जग युद्धात कसं ओढलं गेलं, आणि ते युद्ध चार वर्षं का चाललं?

तुमचा प्रश्न असा आहे: १९१४ साली साराजेवोत एका राजपुत्राचा खून झाला, त्याचं जागतिक युद्ध कसं झालं आणि ते मिटायला चार वर्षं का लागली? साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद आणि गुप्त करार ही शाळेत शिकवलेली कारणं खोटी नाहीत. पण ती १९०८ मध्ये बोस्नियाच्या वेळी होती, १९११ मध्ये मोरोक्कोच्या वेळी होती आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही होती. ती संकटं टळली, मग १९१४ चं का टळलं नाही? माझ्या मते त्याचं उत्तर बरंचसं रेल्वेच्या वेळापत्रकात आहे, आणि युद्ध लांबण्याचं उत्तरही पुष्कळ अंशी तिथेच सापडतं.

२८ जूनला गावरिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. त्याच आठवड्यात ऑस्ट्रियाने सर्बियावर चाल केली असती, तर युरोपने बहुधा डोळेझाक केली असती. पण ऑस्ट्रिया-हंगेरीचे बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते आणि हंगेरीचा पंतप्रधान टिसा सुरुवातीला तयार नव्हता. शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रशियाच्या भेटीवर जाणार होते, ते तिथून बोटीने परत निघेपर्यंत थांबायचं ठरलं. जर्मन कैसरने ५ जुलैलाच पूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला होता. २३ जुलैला सर्बियाकडे ४८ तासांच्या मुदतीचा खलिता गेला, त्यात दहा मागण्या होत्या. सर्बियाने बहुतेक मान्य केल्या, मात्र खुनाच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी आपल्या भूमीवर काम करतील ही मागणी फेटाळली. २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध जाहीर केलं.

इथपर्यंत हे दोन देशांचं भांडण होतं. पुढच्या आठवड्यात जे झालं ते समजायला लामबंदी म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं. लाखो राखीव सैनिकांना घरून बोलवायचं, डेपोत गणवेश आणि बंदुका द्यायच्या, घोडे-तोफा-दारूगोळा जमवायचा आणि हे सगळं ठरलेल्या गाड्यांनी ठरलेल्या स्टेशनावर उतरवायचं. ही वेळापत्रकं बनवायला लष्करी कचेऱ्या वर्षभर राबत. रशिया सर्बियाचा पाठीराखा होता. त्याच्या झारला फक्त ऑस्ट्रियाविरुद्धची अर्धी लामबंदी चालली असती. सेनापतींनी सांगितलं, अर्धी केली तर पुरी करण्याचा सगळा आराखडा विस्कटेल. २९ जुलैला त्याने पूर्ण लामबंदीचा हुकूम दिला, रात्री मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला.

जर्मनीचा आराखडा यांतला सर्वांत धोक्याचा. फ्रान्स आणि रशिया एकमेकांचे मित्र, दोन आघाड्यांवर एकदम लढणं झेपणार नाही, म्हणून फ्रान्सला साधारण सहा आठवड्यांत लोळवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं, कारण रशियाचं सैन्य जमायला वेळ लागतो, असा तो हिशेब होता. फ्रेंच कर्जातून रशिया जे नवे लोहमार्ग टाकत होता, ते १९१७ च्या सुमारास पुरे झाल्यावर हा हिशेब कोलमडणार होता. त्यामुळे 'होणारच असेल तर आत्ताच होऊ दे' असं मानणारे बर्लिनमध्ये पुष्कळ होते. बाकीचे देश लामबंदी करून सीमेवर थांबू शकत होते. जर्मनीला ती मुभा नव्हती. फ्रान्सवरचा हल्ला बेल्जियममधून करायचा होता. उत्तर बेल्जियमकडे जाणारे महत्त्वाचे लोहमार्ग लीएज या बेल्जियन शहरातून जात आणि तिथे बारा किल्ल्यांचं कडं होतं. ते पहिल्या काही दिवसांतच घेतलं नाही, तर मागून येणाऱ्या गाड्या तुंबल्या असत्या. म्हणजे जर्मनीची लामबंदी हाच हल्ला होता, आणि तोही तटस्थ देशावर.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी ब्रिटन फ्रान्सला तटस्थ ठेवेल अशी चुकीची समजूत करून देणारी तार लंडनहून आली. कैसर आनंदाने म्हणाला, चला, सगळं सैन्य पूर्वेकडे न्या. सरसेनापती मोल्टकेने सांगितलं की ते शक्य नाही, वर्षभराची आखणी मोडून उरेल तो नुसता हत्यारबंद जमाव. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. कोलोनच्या पुलावरून २ ते १८ ऑगस्टमध्ये ५४ डब्यांच्या सुमारे २,१५० गाड्या दर दहा मिनिटांना एक या हिशेबाने गेल्या. असा ओघ एका रात्रीत उलटा फिरवता येत नाही. पण या आराखड्याला पर्यायी आराखडाच तयार ठेवला नव्हता, हा दोष सेनापतींचा आणि त्यांना जाब न विचारणाऱ्या राज्यकर्त्यांचा. ४ ऑगस्टला जर्मन फौज बेल्जियममध्ये शिरली. त्या देशाच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहाने दिलेली असल्याने ब्रिटन त्याच दिवशी उतरलं, आणि ब्रिटनबरोबर, कुणालाही न विचारता, हिंदुस्थानही.

आता युद्ध लांबलं का. रेल्वे सैन्याला सीमेपर्यंत पोचवते, त्यापुढे पाय आणि घोडे. बेल्जियमने माघार घेताना पूल आणि बोगदे उडवले होते. उजव्या टोकाच्या पहिल्या जर्मन सैन्याकडे सुमारे ८४,००० घोडे होते, त्यांना रोज जवळपास ९०० टन चारा लागे. तो मागून आणणं अशक्य, म्हणून शेतातलं उभं पीक कापून घालत. माणसं महिनाभर उन्हात चालून थकलेली. उलट फ्रेंचांचे लोहमार्ग पॅरिसला येऊन मिळत, त्यामुळे पूर्वेचं सैन्य त्यांना गाड्यांनी पश्चिमेला हलवता आलं. सप्टेंबरमध्ये मार्नच्या लढाईत जर्मनांच्या पहिल्या आणि दुसऱ्या सैन्यात मोठी फट पडली, ब्रिटिश आणि फ्रेंच त्यात शिरले आणि जर्मनांना एन नदीच्या काठापर्यंत मागे जावं लागलं. पॅरिसच्या टॅक्सींची गोष्ट सगळे सांगतात, पण टॅक्सींनी नेली ती पाचेक हजार माणसं. खरा भार रेल्वेने उचलला. वर्षअखेर स्वित्झर्लंडपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदक खणले गेले होते.

खंदक फोडणं अगदीच अशक्य नव्हतं. पहिली रांग पुष्कळदा हाती यायची, घोडं पुढे अडायचं. हल्लेखोराने आपल्याच तोफांनी उखणलेल्या चिखलातून पायी जायचं, ओझं पाठीवर. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटलेल्या, त्यामुळे निरोप धावपटू किंवा कबुतरं नेणार आणि मागच्या तोफांना आपली माणसं कुठे पोचली हे तासन्‌तास कळणार नाही. तेवढ्यात बचाव करणारा मागच्या स्टेशनावर ताज्या तुकड्या उतरवून भगदाड बुजवणार. फ्रान्समधल्या सॉम नदीच्या आघाडीवर १९१६ मध्ये ब्रिटिशांनी सात दिवसांत सुमारे १५ लाख गोळे टाकले. त्यांतले बरेच छर्ऱ्यांचे होते. ते उघड्यावरची माणसं मारतात, पण काटेरी तार कापायला गोळा नेमक्या उंचीवर फुटावा लागतो आणि पाच-सहा मीटर खोल तळघरांचं तर ते काहीच बिघडवत नाहीत. शिवाय पुष्कळ गोळे फुटलेच नाहीत. १ जुलैला तोफांचा मारा पुढे सरकताच जर्मन वर आले आणि मशीनगन मांडून बसले. एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक कामी आले किंवा जखमी झाले, त्यांतले १९,२४० मृत.

जिथे रेल्वेच नव्हती तिथे काय झालं, हे मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) दिसतं, आणि ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असायला हवी. तिथे लढलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याला धड धक्के नव्हते, तैग्रिस नदीत चालणाऱ्या उथळ बोटी अपुऱ्या होत्या, तरी बगदादच्या मोहाने फौज वर वर ढकलली गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला ती अडली आणि मागे येऊन कुत या गावात तुर्कांनी तिला कोंडलं. वेढा १४७ दिवस चालला. घोडे मारून खायची वेळ आली. धर्म आणि रूढीमुळे अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं आणि स्कर्व्हीने हैराण झाले. विमानातून टाकलेलं धान्य पुरेना. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली, आणि पुढच्या पायपिटीत नि कैदेत त्यांतले हजारो मेले. १९१७ मध्ये जनरल मॉडने बगदाद घेतलं ते आधी बसऱ्यात धक्के, जास्त बोटी आणि लोहमार्ग उभे करून.

निकाल शेवटी पुरवठ्यानेच लावला. ब्रिटिश नाकेबंदीने जर्मनीत अन्नाची टंचाई झाली. उत्तर म्हणून १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी कुठलंही जहाज बुडवायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये ८ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली, पण त्याच एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात आली, आणि जहाजं ताफ्याने नेण्याच्या पद्धतीने नुकसान घटलं. रशिया क्रांतीनंतर बाहेर पडल्यावर जर्मनीने २१ मार्च १९१८ ला पश्चिमेकडे शेवटचा मोठा घाव घातला. छोट्या, चपळ तुकड्यांनी काही दिवसांत सुमारे ६० किलोमीटर मुसंडी मारली, पण अन्न आणि दारूगोळा मागे राहिला, उपाशी सैनिक ब्रिटिश कोठारं लुटत थांबले आणि आमियां या फ्रेंच शहराचं मोठं रेल्वे जंक्शन हाती आलं नाही. ८ ऑगस्टला तिथूनच पाचशेवर रणगाडे, विमानं आणि अचूक तोफा यांच्या मेळाने मित्रसैन्याने उलटा रेटा दिला. यावेळी एका जागी अडून न बसता ते एक हल्ला थकला की दुसरीकडे दुसरा करत राहिले, त्यामुळे जर्मन राखीव तुकड्या कुठे पाठवाव्यात हेच कळेनासं झालं.

११ नोव्हेंबरच्या युद्धविरामात जर्मनीने ५,००० इंजिनं आणि १,५०,००० डबे द्यावेत असं एक कलम होतं. नाकेबंदी मात्र त्या दिवशी उठली नाही. ती हळूहळू सैल होत, जर्मनीने तह मंजूर केल्यावर जुलै १९१९ मध्ये संपली, आणि युद्ध थांबल्यावरही तिथल्या सामान्य लोकांनी तो आणखी एक हिवाळा उपासमारीत काढला.