परीक्षक तिकीट काढत नाही

प्रश्न : ताई, आमच्या घरात दर वेळी एकच वाद. मुलं लहान, त्यामुळे आम्हा दोघांना थिएटरात जायला मिळतं दोन-तीन महिन्यांतून एकदा. ह्यांचा सगळा भर परीक्षणांवर. साडेतीन स्टारच्या खाली विषयच नाही. मी मात्र बघून आलेले लोक काय लिहितात ते वाचते. मागच्या वेळी ह्यांनी निवडलेल्या सिनेमात मी झोपले. त्याआधी मी निवडलेल्यात हे सारखे घड्याळ बघत होते. तुम्हीच सांगा, परीक्षकांचं ऐकायचं की प्रेक्षकांचं?

उत्तर : तुमच्या झोपेचं वाचून मला जरा हायसं वाटलं. मी 22 वर्षं एका साप्ताहिकात परीक्षणं लिहिली आणि त्या काळात दोनदा, अगदी दोनदाच, माझाही डोळा लागला. एकदा जाग आली तेव्हा नायक म्हातारा झाला होता. शेजारच्या परीक्षकाला विचारून मधला भाग भरून काढला. (त्या परीक्षणात मी पटकथेबद्दल फार काही लिहिलं नाही.)

परीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातला फरक लोक अकलेत शोधतात. एकाला सिनेमा कळतो, दुसऱ्याला कळत नाही. किंवा एक शिष्ट आणि दुसरा दिलदार. मला जाणवलेला फरक याहून साधा आहे. परीक्षक तिकीट काढत नाही. पैशांबद्दल म्हणत नाही मी. तो सिनेमा निवडतच नाही, जो लागेल तो त्याच्या वाट्याला येतो. मला भुताखेतांचे सिनेमे सोसत नाहीत, तरी साठेक पाहिले असतील. संपादकांनी जा म्हटलं की जायचं. प्रेक्षकाचं तसं नसतं. त्याने ट्रेलर पाहिलेला असतो, नट आवडता असतो, मित्रांबरोबर बेत ठरलेला असतो. तो आत शिरतो तेव्हाच अर्धा राजी असतो.

म्हणून प्रेक्षकांनी दिलेले गुण म्हणजे सिनेमा किती चांगला आहे याचा निकाल नव्हे. ज्यांना तो बघायचाच होता, त्यांना जे हवं होतं ते मिळालं की नाही, एवढंच त्यातून कळतं. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था चाळीसहून अधिक वर्षं पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांच्या हातात कार्ड देऊन श्रेणी विचारते, ए प्लसपासून एफपर्यंत. 2017 साली डॅरन अ‍ॅरनॉफ्स्कीच्या ‘मदर!’ला तिथे सरळ एफ मिळाला. परीक्षकांपैकी निम्म्याहून बरेच जण मात्र त्या सिनेमाच्या बाजूने होते. जाहिरात बघून लोक भयपट समजून गेले आणि समोर आलं भलतंच, सगळं रूपकात बोलणारं काहीतरी. तो एफ दिग्दर्शकाइतकाच जाहिरातीलाही होता असं मला वाटतं. परीक्षक कसलीच अपेक्षा बांधून गेले नव्हते, त्यामुळे त्यांची फसवणूक झाली नाही.

आता हे तुमच्या घरात कसं वापरायचं? जो सिनेमा तुम्हाला आधीपासूनच बघावासा वाटतोय, त्याच्याबद्दल प्रेक्षकांना विचारा. ते तुमच्यासारखेच आहेत, तीच ओढ घेऊन गेले होते. विनोदी सिनेमा बघून पोट धरून हसायचं असेल तर माझ्यासारखीचं मत काय कामाचं? पण जो सिनेमा तुमच्या वाटेवरचा नाही, ज्याचा नट माहीत नाही, दिग्दर्शक माहीत नाही, आणि तरी जावं का अशी चुटपुट लागली आहे, तिथे परीक्षकाचं ऐका. अनोळखी सिनेमाला रोज सामोरं जाणं हाच त्याचा धंदा.

तुमच्या यजमानांच्या साडेतीन स्टारबद्दलही बोलायला हवं. स्टार देणं हे परीक्षणातलं सर्वांत आळशी काम. मी ते कसे देत होते सांगू? लेख लिहून झाल्यावर, पानं लावणारा मुलगा दारात उभा असताना. अडीच देऊ की तीन? मागच्या आठवड्यातल्या टुकार सिनेमाला अडीच दिलेत, मग याला तीन. संपलं. लेखातलं प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचायचे, स्टारचा विचार दोन मिनिटंसुद्धा केला नाही. आणि वाचणारा नेमका तेवढाच आकडा बघून पान उलटतो.

टक्क्यांची गंमत त्याहून मोठी. 1998 साली सुरू झालेल्या, जगभरची परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर परीक्षकांचा जो टक्का दिसतो, तो गुणांची सरासरी आहे असं भले भले समजतात. ती सरासरी नाही. किती परीक्षकांचं मत बाजूने पडलं, फक्त त्याची मोजणी आहे. समजा, दहा जणांनी एखादा सिनेमा पाहिला आणि दहाही जण म्हणाले, ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही.’ झाले शंभर टक्के. दुसरा सिनेमा सहा जणांच्या आठवड्याभर डोक्यातून जाईना आणि चौघांना अजिबात सोसला नाही. त्याचे साठ. तिथे साठ ही काठावर पास होण्याची रेघ आहे. मला विचाराल तर मी त्या साठवाल्याच्या रांगेत उभी राहीन. तुम्हाला मात्र तीन महिन्यांतून एकच संध्याकाळ मिळते, तेव्हा तुम्ही शंभरवाल्याला गेलात तर मी नावं ठेवणार नाही.

प्रेक्षकांचे गुण वाचतानाही सरासरीवर जाऊ नका, एकूण किती मतं आणि कशी पडलीत ते बघा. सगळी मतं एक आणि दहा याच दोन टोकांना साचली असतील, तर तिथे सिनेमाबद्दल कमी आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी जास्त भांडण चाललेलं असतं; नटाबद्दल, नाहीतर राजकारणाबद्दल. प्रदर्शनाआधीच शिव्या देणाऱ्यांची एवढी झुंबड उडू लागली की 2019 मध्ये रॉटन टोमॅटोजने आगाऊ शेरे बंद केले आणि तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. न पाहिलेल्या सिनेमाबद्दल ठाम मत असणं हा गुण आमच्या धंद्यातही काही जणांकडे होता म्हणा.

आणि गल्ल्याला प्रेक्षकांचं मत समजू नका. तिकीट सिनेमा बघण्याच्या आधी काढतात! पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवरून फक्त जाहिरात किती चालली ते कळतं. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ 1994 साली आला, परीक्षकांनी बरं म्हटलं, ऑस्करची सात नामांकनं मिळाली, आणि थिएटरात फारसं कुणी फिरकलं नाही. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवरून तो घराघरांत पोचला. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवर प्रेक्षकांच्या गुणांवरून लागणाऱ्या यादीत तो वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. मग 1994 चे प्रेक्षक चुकले का? नाही, ते आलेच नव्हते. उलट 1975 च्या ‘शोले’ला सुरुवातीला परीक्षकांनी नाकं मुरडली होती, आणि तो मुंबईत एकाच थिएटरात पाच वर्षं चालला. तिथे आमची जमात सपशेल तोंडावर पडली, कबूल.

का पडते, हेही सांगते. आमचे खास खेळ असायचे सकाळी. मोठ्या थिएटरात वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर वही, दोघांच्या मध्ये एकेक खुर्ची रिकामी. तिथे कुणी हसत नाही. आपण आधी हसलो तर बाकीचे काय म्हणतील! एक विनोदी सिनेमा मी असा पाहिला आणि लिहिलं, ‘विनोद ओढूनताणून आणले आहेत.’ रविवारी भाचरांनी हट्ट केला म्हणून तोच पुन्हा पाहिला, भरलेल्या थिएटरात. पुढच्या रांगेतल्या एक आजी हसून हसून खुर्चीवरून घसरत होत्या, आणि त्यांच्याकडे बघून मी. विनोद तेच होते. शुक्रवारी छापून आलेली माझी वाक्यं मात्र पर्समध्ये टोचत होती.

न्यूजवीक या अमेरिकन साप्ताहिकाचे परीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी माझ्यापेक्षा जास्त धाडस केलं. 1967 मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ची त्यांनी सालटी काढली. मग प्रेक्षकांत बसून तो पुन्हा पाहिला, आणि पुढच्याच अंकात लिहिलं की आधीचं माझं परीक्षण चुकलं. मी तसं काही लिहिलं नाही. पुढच्या शुक्रवारी नवीन सिनेमा आला आणि मी त्याच्यावर लिहिलं.

तेव्हा यजमानांना सांगा, आकडा झाकून मजकूर वाचा. परीक्षक ‘संथ’ म्हणतो आणि तुम्हाला शांत सिनेमा आवडत असेल, तर ती शिफारसच झाली. माझ्या एक वाचक होत्या, मी ज्याला शिव्या देईन त्याची तिकिटं त्या त्याच दिवशी काढायच्या. त्यांनी तसं पत्रातच कळवलं होतं, आभारासकट. आणि झोप येत असेल तर झोपा, त्याने संसार मोडत नाही.

प्रश्न : परीक्षण आधी वाचलं की गोष्ट कळून जाते, नंतर वाचलं की उपयोग नाही. काय करावं?

उत्तर : पहिला आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचा, मधलं बघून आल्यावर. आम्ही बहुतेक जण गोष्ट मध्येच कोंबतो. जो परीक्षक शेवट फोडतो त्याला कायमचं सोडून द्या. परीक्षणाची खरी चव मात्र नंतर वाचण्यातच असते. आपल्याला जे नुसतं खटकलं होतं, ते का खटकलं हे दुसऱ्या कुणीतरी शब्दांत मांडलेलं सापडतं. नाहीतर भांडायला माणूस मिळतो.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नका. परीक्षक पैसे घेऊन लिहितात ना? तुम्ही कधी घेतलेत?

उत्तर : राग कसला. पोस्टरवर एखादं कौतुकाचं वाक्य दिसलं की ते कुणाचं, हा प्रश्न पडायलाच हवा. 2000-01 मध्ये सोनी पिक्चर्सच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या परीक्षकाची स्तुती छापून येत होती. असा परीक्षक जगात नव्हताच! कंपनीच्या जाहिरात विभागाने तो बनवला होता. 2001 साली न्यूजवीकने हे उघड केलं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. माणूस विकत घेण्यापेक्षा तयार करणं सोपं पडलं असावं.

मला पैसे कुणी देऊ केले नाहीत. आमच्या साप्ताहिकाचा खप बघता ते बरोबरच होतं. पण तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून सांगते. एकदा एका नव्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा होता. खेळ संपल्यावर तो दाराशी उभा होता, शेजारी आई. प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. माझी वेळ आली तेव्हा त्या माउलीने माझा हात हातात घेतला आणि काहीच बोलली नाही. सिनेमा वाईट होता. मी लिहिलं, ‘उत्तरार्ध थोडा सैल, पण प्रयत्न प्रामाणिक.’ तीन स्टार.

तो आकडा बघून कुणी गेलं असेल, तर त्यांची ती संध्याकाळ मी घालवली.